लालबागची मिरची गल्ली: वर्षाचा मसाला समोर उभं राहून कांडून घ्यायचा असेल तर

मार्च लागला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एकच चर्चा, यंदा मसाला कुठे करायचा, रेडिमेड कुठला बरा, आणि लालबागला जायची दगदग करण्यात काही अर्थ आहे का. मी दरवेळी तिथे दोन ओळीत उत्तर देते आणि मग परत वीस प्रश्न येतात, म्हणून यावेळी सगळं एकत्र लिहून टाकते. आम्ही डोंबिवलीला राहतो, सासर मालवणकडचं, माहेर साताऱ्याचं, आणि लग्न झाल्यापासून घरातला मालवणी मसाला लालबागलाच होतो. सासूबाई तर त्यांच्या लग्नाआधीपासून तिथेच जातायत. तर माझं मत आधीच सांगते, जा. पण निवांत वेळ काढून जा, आणि मसाला टाकून शॉपिंगला निघून जाणार असाल तर जाऊ नका, कारण तिथे जे मिळतं ते समोर उभं राहणाऱ्यालाच मिळतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, मिरची गल्ली म्हणजे मुंबईतल्या लालबागच्या बाजारातली मसाल्याच्या दुकानांची रांग. चिंचपोकळी किंवा करी रोड, दोन्ही स्टेशनांवरून चालत जाता येतं. पत्ता विचारायची फारशी गरज पडत नाही, मिरचीची खाट, म्हणजे झोंबरा वास, लागायला लागली, नाक चुरचुरलं की समजायचं आलो. दुकानाबाहेर मिरचीची पोती उघडी ठेवलेली, आत खडा मसाला, बाजूला भाजायच्या मोठ्या कढया आणि त्याच्या मागे किंवा शेजारी डंके, म्हणजे मसाला कांडायची यंत्रं. म्हणजे मिरची निवडण्यापासून तयार मसाला पिशवीत भरेपर्यंत सगळं एकाच ठिकाणी होतं, आणि याच एका गोष्टीसाठी मी एवढ्या लांब जाते. दुकानात शिरलं की पहिला प्रश्न, ताई कुठला करायचाय, मालवणी, आगरी, घाटी का गोडा? तुमच्याकडे यादी नसेल तर त्यांच्याकडे त्यांचं माप तयार असतं, एक किलो मिरचीला काय काय किती ते तोंडपाठ. ते वाईट नसतं, पहिल्यांदा करणाऱ्यांनी खुशाल घ्यावं. पण घरची यादी असेल तर तीच द्या, आणि ते लोक ती अगदी आदराने घेतात हे मला फार आवडतं. आजीच्या हातची पिवळी पडलेली, प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी घेऊन आलेल्या बायका मी तिथे बघितल्यात आणि दुकानदार ती चिठ्ठी वाचून, काकू तुम्ही वेंगुर्ल्याकडच्या काय, असं विचारतो, कारण तिरफळं आणि बडीशेपेच्या प्रमाणावरून त्याला अंदाज येतो.

आता मिरची. इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. बेडगी ही रंगासाठी, सुरकुतलेली, गडद लाल, तिखट कमी. ती कर्नाटकातल्या हावेरी जिल्ह्यातल्या ब्याडगी गावाच्या नावाची, २०११ मध्ये तिला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला. त्यातही दोन प्रकार असतात, डब्बी आणि कड्डी, डब्बी जरा फुगीर आणि आखूड, कड्डी लांब बारीक. डब्बीचा रंग जास्त चांगला येतो आणि भावही अर्थातच जास्त असतो. तिखटपणासाठी संकेश्वरी किंवा लवंगी, नाहीतर आंध्र-तेलंगणाकडची तेजा, ती मात्र जपून, तेजा जास्त झाली की कालवणात चव लागत नाही नुसती आग लागते. काश्मिरी म्हणून जी मिळते ती बहुतेक वेळा काश्मीरची नसते, पण रंगाला चांगली असते, घ्यायला हरकत नाही. आमच्याकडे एक किलो मिरचीत अर्धा किलो बेडगी, पाव किलो काश्मिरी आणि पाव किलो संकेश्वरी, वर्षानुवर्षं हेच.

मिरची हातात घेऊन बघायची. वाजली पाहिजे, मुठीत दाबली की कुडकुड तुटली पाहिजे, नरम लागली तर ओल आहे आणि असा मसाला पावसाळ्यात जाळी धरतो. फार चकचकीत दिसत असेल तर तेलाचा हात फिरवलाय का बघा, बोटांना तेल लागतंच. देठाजवळ काळे पांढरे डाग असलेली नको. एक मोडून आत बघा, बी पिवळं हवं, काळपट नको. आणि बी काढून टाकलं की तिखट कमी होतं असं बरेच जण समजतात, तर तसं नाहीये, तिखटपणा खरा असतो तो बी जिथे चिकटलेलं असतं त्या पांढऱ्या शिरेत. देठ काढलेली मिरची घ्यायची का देठासकट हे तुमचं तुम्ही ठरवा, देठासकट स्वस्त पडते पण घरी बसून देठ काढायला लागतात आणि वजनातही घट येते. तिथे देठ खुडायला बायका बसलेल्या असतात, दिवसभर त्या मिरचीत हात घालून, तोंडाला पदर बांधून. त्यांच्या हातांकडे बघितलं की मला भावात घासाघीस करायची इच्छाच होत नाही.

भावावरून आठवलं. मध्यंतरी एका वर्षी बेडगी इतकी महाग झाली होती की लोक पाव किलोवर आले होते आणि मग पुढच्या हंगामात एकदम पडली. आपल्याला गल्लीत बरं वाटलं, पण तिकडे ब्याडगीच्या बाजार समितीत मार्च २०२४ मध्ये भाव कोसळले म्हणून शेतकऱ्यांनी आवारात गाड्या पेटवल्या होत्या, बातम्यांत आलं होतं. तेव्हापासून मी दुकानदाराला नुसतं कितीला विचारत नाही, माल कुठला, नवा का कोल्ड स्टोरेजचा हेही विचारते. नव्या मिरचीचा वास वेगळाच असतो, जुनीला रंग असतो पण तो वास गेलेला असतो. खरं सांगणारे दुकानदार सांगतात, आणि जो सांगत नाही त्याच्या पुढच्या दुकानात जायचं, गल्लीचा फायदाच तो.

खड्या मसाल्यात दोन-तीन गोष्टी बघाच. लवंग नखाने दाबा, थोडं तेल सुटलं पाहिजे, तेल आधीच काढून घेतलेली कोरडी हलकी लवंग पण बाजारात फिरते. वरचं बोंड शाबूत हवं. दालचिनी म्हणून जी जाड साल सगळीकडे मिळते ती खरं म्हणजे तिची चुलत बहीण, कॅसिया, खरी दालचिनी पातळ आणि गुंडाळी गुंडाळीची असते. मालवणी मसाल्याला ती जाड उग्र सालच बरी लागते असं सासूबाईंचं म्हणणं आणि मला ते पटलंय, पातळवाली गोडाच्या पदार्थांना ठेवा. खसखस बघून डोळे पांढरे होतात, पण ती अफूच्याच बोंडातली, आपल्याकडे लागवड परवान्याशिवाय होत नाही आणि बरीचशी बाहेरून येते, त्यामुळे भाव तसाच राहणार. प्रमाण कमी करा पण वगळू नका, मसाल्याला अंगचा दाटपणा तिनेच येतो. दगडफूल भरपूर घ्या, काळं-राखाडी, मागची बाजू पांढुरकी, हातात चुरगळलं की मातीचा ओला वास आला पाहिजे, त्यातला कचरा मात्र स्वतः निवडून काढा, सालीचे तुकडे असतात. बाकी धणे अर्धा किलो, बडीशेप, मिरी, चक्रीफूल, मसाला वेलची, शहाजिरं, जायपत्री, नागकेशर, तमालपत्र, राई, हळकुंड, खडा हिंग, एखादं जायफळ. ज्यांना आमचं पूर्ण माप हवंय त्यांनी विचारा, देईन, लपवण्यासारखं काही नाही.

भाजणं हा सगळ्यात नाजूक भाग आणि इथेच चांगलं दुकान आणि घाई करणारं दुकान कळतं. चांगला भाजणारा प्रत्येक जिन्नस वेगळा भाजतो. धणे मंद आचेवर, रंग न बदलता नुसता वास सुटेपर्यंत, बडीशेप त्याहून कमी, खसखस तर कढई उतरवता उतरवता नुसती फिरवायची, कारण ती बघता बघता करपते. हळकुंड तेलात फुगवून आधी फोडून घ्यायचं, हिंगही तेलात फुलवायचा. जिथे सगळं एकदम एका कढईत ओततात तिथून उठा. आमच्या सासूबाई कढईपाशी स्टूल मागून घेऊन बसतात आणि मला सांगतात, "हयच उभी रव गो, खय जाव नको." भाजणाऱ्या दादांना पण त्यांची सवय झालीय, "मावशी बघा, झाले का धणे," असं तेच विचारतात, आणि सासूबाई एक दाणा उचलून दाताखाली धरतात, "अजून जरा, अजून कच्चे लागतत." त्या एका दाण्यावरून त्या काय ते ओळखतात. मी शिकतेय, आता बडीशेपेचं मला समजायला लागलंय, धण्यांचं अजून त्यांनाच विचारते.

मग डंका. लहानपणी साताऱ्यात आईची वर्षाची चटणी, म्हणजे कांदा लसूण मसाला, डंक्यावरच व्हायची त्यामुळे मला त्या आवाजाचं अप्रूप नव्हतं, पण लालबागला एका ओळीत इतके डंके एकदम चालताना पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पायाखालची फरशी हलतेय असं वाटलं. वरती मोटरवर फिरणारा दांडा, त्याने लोखंडी मुसळं एकामागून एक उचलली जातात आणि आपल्या वजनाने खाली उखळात पडतात. उखळ जमिनीत रोवलेलं. शेजारी बसलेला माणूस मुसळ वर गेलं की तेवढ्यात हात घालून मसाला मधे ढकलतो, पडायच्या आत हात बाहेर, हे तासन् तास. मला बघायलाच भीती वाटते. मग चाळणीवर चाळायचं, वर राहिलेला जाड चाळ परत उखळात, परत चाळायचं, असं तीन-चार वेळा तरी होतं.

लोक विचारतात की घराजवळ गिरणीत दळून मिळतो की, मग एवढी यातायात कशाला. फरक असा की गिरणीत जोरात फिरणाऱ्या पात्यांनी मसाला गरम होतो, हात लावला तर कळतं, आणि गरम झाला की लवंग-वेलचीतलं जे उडून जाणारं तेल असतं ते तिथेच गिरणीत उडतं. वास गिरणीवाल्याला, आपल्याला पूड. डंक्यावर ठेचला जातो, कमी तापतो, आणि कण सगळे एकसारखे बारीक नसतात त्यामुळे तेलात टाकल्यावर तवंग छान सुटतो आणि चव हळूहळू उतरते. हे मी दोन्ही करून बघूनच सांगतेय. डोंबिवलीत एका गिरणीत (नाव घेत नाही) मसाला दिला होता, त्यात आधीच्या कुणाची तरी हळद आली आणि सगळ्या मसाल्याला तो कच्चा हळदीचा वास वर्षभर राहिला. मी म्हटलं तर म्हणाला, एवढं चालतंच. वर्षाच्या मसाल्यात नाही हो चालत.

लालबागलाही सगळं गोड आहे असं नाही, तेही सांगते. एका दुकानात, फार गर्दी होती म्हणून, माल आत घेतला आणि म्हणाले दोन तासांनी या. परत आलो तर जो मसाला हातात मिळाला तो आमच्या मिरचीपेक्षा जास्त लालभडक, आणि अगदी पिठासारखा बारीक. सासूबाईंनी चिमूटभर जिभेवर ठेवला आणि म्हणाल्या ह्यो आमचो न्हय. वाद घातला, त्यांनी मान्य केलं नाही, आम्ही पैसे देऊन निघालो आणि त्या दुकानाची पायरी परत चढलो नाही. म्हणून मी सगळ्यांना सांगते, डंक्याला नंबर लागेपर्यंत थांबा, आपला माल घालण्याआधी उखळ आणि चाळणी पुसून घ्यायला सांगा, आणि पिशवी बांधेपर्यंत हलू नका. हे सांगण्यात संकोच वाटायचं काहीच कारण नाही, चांगली दुकानं स्वतःहून पुसतात.

या गल्लीबद्दल मला एवढं का वाटतं, तर ही गल्ली कुणी टुरिस्ट लोकांसाठी बसवलेली नाही. लालबाग, परळ हे गिरणगाव. कोकणातून आणि घाटावरून माणसं कापडगिरण्यांत कामाला आली, बरीच एकटी, बायका-मुलं गावाला ठेवून, एकेका खोलीत पाळ्यांनी झोपणारी. त्यांना जेवू घातलं ते खानावळवाल्या बायकांनी, आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत चूल पेटवून. त्यांना महिन्याला किती मसाला लागत असेल विचार करा. आणि जेवणाऱ्याला चव गावची हवी, मालवणच्या माणसाला मालवणची, कराडच्या माणसाला कराडची. म्हणून तर एका गल्लीत मालवणी, घाटी, आगरी सगळं माप तोंडपाठ असणारी माणसं तयार झाली. याच खानावळवाल्या बायकांना सामाजिक कार्यकर्त्या प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, सावकाराच्या तावडीतून सोडवून बँकांची कर्जं मिळवून दिली. मग १९८२ च्या जानेवारीत कामगारनेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो कधी रीतसर संपलाच नाही. माझे चुलत सासरे त्यातले एक, शेवटी गावाला परत गेले. गिरण्यांच्या जागी टॉवर आले, मॉल आले. खानावळी बऱ्याच गेल्या. मसाल्याची गल्ली राहिली, कारण माणसं विरार, बदलापूर, पनवेलला पांगली तरी मसाल्याला इथेच येतात. रांगेत उभं राहिलं की कळतं, शेजारची बाई नालासोपाऱ्याहून आलेली असते आणि तिचा जन्म इथल्याच गणेश गल्लीतला असतो.

आणि मिरची तरी आपली कुठे होती, पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात आली, त्याआधी तिखट म्हणजे मिरी आणि पिंपळी. तिरफळं तेवढी आपल्या कोकणाच्या रानातली. चार-पाचशे वर्षांत आपण तिला इतकं आपलंसं केलं की गावागणिक तिचं माप वेगळं झालं. माझ्या घरातच बघा, सासरच्या मसाल्यात धणे-बडीशेप भरपूर, नारळाच्या वाटपाबरोबर जाणारा, आणि माहेरच्या चटणीत कांदा, लसूण, सुकं खोबरं आणि तेल, ती नुसती भाकरीवर पण चालते. दोन्ही बरण्या शेजारी शेजारी आहेत. बांगड्याच्या तिखल्याला माहेरची चटणी घातली तर सासूबाई काही बोलत नाहीत पण दुसऱ्यांदा वाढूनही घेत नाहीत. आणि मटकीच्या आमटीला मालवणी घातला तर मला जेवल्यासारखं वाटत नाही.

तयार मसाला घरी आणल्यावर लगेच बरणीत भरू नका. पेपरवर पसरून रात्रभर पूर्ण गार होऊ दे, मग कोरड्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत दाबून दाबून भरायचा, मधे मधे खडा हिंगाचे तुकडे, वरून फडकं बांधून झाकण. रोजच्या वापराचं छोट्या डब्यात काढून घ्या, मोठ्या बरणीत ओला चमचा गेला की संपलं. असा आमचा मसाला पुढच्या एप्रिलपर्यंत टिकतो, रंग थोडा उतरतो, वास राहतो. रेडिमेडवाल्यांना मी नावं ठेवत नाही, परदेशात असलेल्यांना, एकट्या राहणाऱ्या मुलांना तोच सोयीचा. माझी नणंद दुबईला असते, ती पण वर्षाला दीड किलो इथलाच नेते, तीन-तीन पिशव्यांत गुंडाळून, तरी बॅगेतल्या कपड्यांना वास लागतोच.

आता कामाचं. मार्चच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत जा. मे अखेर नको, हवेत दमटपणा येतो आणि गर्दी पण तेव्हाच उसळते. शक्यतो सकाळी लवकर आणि आठवड्याच्या मधल्या वारी, रविवारी उभं राहायला जागा नसते. तीन-चार तास हातात ठेवा. बसायची सोय नाही, बाथरूमची तर अजिबात नाही, म्हाताऱ्या माणसांना नेत असाल तर हे आधी विचारात घ्या. ज्यांना दम्याचा त्रास आहे त्यांनी खरंच जाऊ नये, मास्क लावला तरी खाट घशात जाते, लहान मुलांना पण नेऊ नका. कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नका. सुती कपडे, जुने, घरी आल्यावर सरळ धुवायला. भाजणावळ आणि कांडपाचे पैसे मालापेक्षा वेगळे असतात, ते किलोवर, आधीच विचारून घ्या, नाहीतर शेवटी हिशोब वाढलेला वाटतो. आणि वजन करून घालायचं, वजन करून घ्यायचं, थोडी घट येतेच, पण थोडीच.

माझ्याकडून पाचातले साडेचार. अर्धा कापला तो बसायच्या आणि बाथरूमच्या सोयीसाठी, कारण तिथे येणाऱ्यांत साठीच्या पुढच्या बायकाच जास्त असतात आणि एवढ्या वर्षांत त्यांच्यासाठी चार खुर्च्या टाकाव्यात असं कुणालाच वाटू नये याचं मला वाईट वाटतं. आमचा नंबर यंदा गुढीपाडव्यानंतरच्या आठवड्यात लावणार आहोत, डोंबिवलीतून कुणाला बरोबर यायचं असेल तर सांगा, सकाळच्या लोकलने निघू. एकत्र गेलं की एकीने कढईपाशी थांबायचं आणि दुसरीने डंक्यापाशी नंबर धरायचा, फार सोपं पडतं.